एम २२ च्या तोंडात अर्धा इंची निपल: टिपरच्या कॉम्प्रेसरचे आटे कसे जुळवायचे

प्रश्न एका टिपरमालकाचा आहे. जुना एअर कॉम्प्रेसर जाम झाला म्हणून त्यांनी दुसऱ्या मॉडेलचा, दुरुस्त केलेला कॉम्प्रेसर बसवला. त्याच्या डिलिव्हरीच्या (दाबलेली हवा बाहेर सोडणाऱ्या) तोंडावर एम २२ × १.५ असं कोरलेलं आहे. जुन्या पाइपच्या टोकाला मात्र आधीच कुणीतरी हार्डवेअरच्या दुकानातला अर्धा इंची निपल (दोन्ही टोकांना आटे असलेला पाइपाचा तुकडा) जोडून ठेवलेला. तो निपल नव्या तोंडात दोन-अडीच फेरे जातो आणि घट्ट होतो. टेफ्लॉन टेप गुंडाळून पान्यानं आवळला, तर थंड असताना गळत नाही, पण तासभर गाडी चालली की हवा जाते. मिस्त्री म्हणतो, अर्धा इंची टॅप (आटे कापायचं हत्यार) मारून तोंडच मोठं करू. शिवाय डॅशबोर्डवर लावायला अमेरिकी मीटर आणलाय, तोही बसत नाही. काय करावं?

आधी काय करू नये ते सांगतो. टॅप मारू नका. टेप आणखी गुंडाळू नका. आणि हा निपल त्या तोंडात आहे तोवर माल भरून गाडी बाहेर काढू नका. हा जोड नळाचा नाही, ब्रेकचा आहे.

आता कारण. एम २२ × १.५ म्हणजे बाहेरचा व्यास २२ मि.मी. आणि एका आट्यापासून दुसऱ्या आट्यापर्यंतचं अंतर, म्हणजे पिच, दीड मि.मी. तुमचा निपल बीएसपी जातीचा आहे, म्हणजे इंग्रजांच्या पाइपाच्या आट्यांचा. अर्धा इंची बीएसपीचा बाहेरचा व्यास २०.९५५ मि.मी. असतो आणि इंचाला १४ आटे, म्हणजे आट्यांतलं अंतर १.८१४ मि.मी. एम २२ च्या आतल्या आट्यांची शेंडी ते शेंडी मोकळी जागा २०.३७६ मि.मी. हिशेब करा: तुमच्या निपलचा आटा कॉम्प्रेसरच्या आट्यात एका बाजूनं जेमतेम ०.२९ मि.मी. शिरतो. त्यातही हार्डवेअरचा निपल बहुतेक वेळा निमुळता असतो, १६ मि.मी. लांबीत १ मि.मी. जाडी वाढते, त्यामुळे टोकाशी तो २०.४ च्या आसपासच भरतो. म्हणजे टोक नुसतं शिवून आत जातं. पुढे दर फेऱ्याला दोन्ही आट्यांत ०.३१ मि.मी.ची तफावत पडत जाते. दोन फेऱ्यांत ती ०.६ मि.मी. होते आणि आट्याची बाजू आट्यावर चढते. हाताला जे ‘बसलं’ असं वाटतं ते बसणं नसून अडकणं असतं.

एखाद्या फिटिंगचे आटे योग्य आहेत का, हे ठरवायला मी एकच कसोटी लावतो: टेप न लावता, पाना न लावता, नुसत्या बोटांनी ते शेवटपर्यंत गेलं पाहिजे. पाना फक्त शेवटी वॉशर दाबायला. निमुळत्या आट्याची फिटिंग याला अपवाद. ती बोटांनी तीन-चार फेरे जाते आणि मग हळूहळू जड होत जाते. तुमचं तोंड सरळ आट्याचं आहे. तिथे दोन फेऱ्यांत पाना लागला की थांबायचं आणि उलटं फिरवायचं.

गरम झाल्यावरच का गळतं, याचंही उत्तर याच हिशेबात आहे. डिलिव्हरीची हवा जोराच्या कामात २०० अंश सेल्सिअसच्या आसपास जाऊ शकते. हेड, म्हणजे कॉम्प्रेसरचा हे तोंड असलेला वरचा भाग, ॲल्युमिनियमचं असेल तर ते पोलादी निपलच्या जवळपास दुप्पट फुगतं. टेफ्लॉन २६० अंशांपर्यंत टिकतो, म्हणजे टेप काही वितळत नाही. पण जिथे पकडच एका बाजूनं पाव मि.मी.ची, तिथे तोंड चार-पाच शतांश मि.मी.नं मोठं झालं तरी दोन शेंड्यांमधून वाट मिळते. शिवाय कॉम्प्रेसर ठोके देत असतो आणि पाइप हलत असतो. थंड असताना साबण लावून पाहिलं म्हणून जोड चांगला, असं डिलिव्हरी लाइनबाबत कधीही धरू नये.

दाबाची भीती लोक उगाच जास्त धरतात आणि थरथरीची कमी. ८ बारला त्या तोंडावर हवेचा ढकल किती? साधारण २८ किलो. तेवढं तर तीन आटेसुद्धा धरतील. निपल बाहेर पडतो तो दाबानं नाही. उष्णता आणि थरथर मिळून महिनोन् महिने तो मऊ ॲल्युमिनियम खात असतो.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी आमच्याच शेडमध्ये एका टिपरला असाच अर्धा इंची निपल एम २२ च्या तोंडात टेप लावून बसवला होता. गाडी अडली होती, मालक घाईत होता, आम्ही ‘तात्पुरतं’ म्हणालो. चार महिने काही झालं नाही. मग खंबाटकी घाटात, खडी भरलेली असताना, बझर वाजला आणि काटा खाली यायला लागला. ड्रायव्हर जुना, डोक्यानं शांत. त्यानं पहिल्या झटक्यालाच खालच्या गिअरमध्ये घेऊन, टाकीत उरलेल्या हवेवर गाडी डाव्या अंगाला उभी केली. निपल माझ्या हातात आला तेव्हा त्याच्याभोवती ॲल्युमिनियमचे आटे स्प्रिंगसारखे गुंडाळलेले होते, तोंडातून सगळेच्या सगळे उपटून आलेले. तो निपल मी अजून कपाटात ठेवलाय. नवा पोरगा कामाला आला की पहिल्या दिवशी त्याच्या हातात देतो.

आता टॅपचं. मिस्त्रीचा विचार वरवर बरोबर वाटतो, की निपल अर्धा इंची आहे तर भोकही अर्धा इंची करू. पण अर्धा इंची बीएसपीचा टॅप मारायचा तर भोक साधारण १९ मि.मी.चं हवं. तुमचं आधीच २०.३८ आहे. अर्धा इंची आट्याची पूर्ण खोली १.१६ मि.मी. असते, त्यातली तुम्हाला ०.२९ मिळेल. म्हणजे पाव आटा, तोही जुन्या आट्यांच्या खाचांनी तुकडे झालेला. त्यात निमुळता निपल आवळला की तो पाचरीसारखा हेड फाकवतो. ॲल्युमिनियमला अशी तडे गेलेली तोंडं मी पुष्कळ पाहिली आहेत. आणि टॅपचा बुरा कुठे जाणार? डिलिव्हरी व्हॉल्व्हवर, नाहीतर पाइपातून पुढे ड्रायर (हवेतलं पाणी टिपणारा) आणि ब्रेक व्हॉल्व्हमध्ये.

बरेच जण इथे विचारतात, अर्धा इंच म्हणजे १२.७ मि.मी., मग व्हर्निअरवर २१ कसे येतात? पाइपाच्या आट्यांना नाव पडलं ते पूर्वीच्या लोखंडी पाइपाच्या आतल्या भोकावरून, बाहेरच्या मापावरून नाही. म्हणून पाव इंची बीएसपी बाहेरून १३.१६ भरतो आणि पाऊण इंची २६.४४. आपल्याकडे हा घोळ जास्त, कारण आपल्या गाड्यांची घराणी वेगवेगळी. टेल्कोनं (पुढची टाटा मोटर्स) १९५४ मध्ये डाइमलर-बेंझशी करार केला, त्यामुळे त्या ट्रकांत जर्मन मेट्रिक आटे आले. लेलँड विलायतेची, इंचांची. जीप विलिसची, म्हणजे अमेरिकी बारीक आटे. देशात मेट्रिक मापांचा कायदा १९५६ चा, पण नळ-पाइपाचं दुकान आजही बीएसपीवरच चालतं आणि गॅरेजला सगळ्यात जवळचं दुकान तेच असतं. तुमच्या पाइपाला अर्धा इंची निपल लागला तो असाच.

ओळख पटवायला व्हर्निअर आणि पिच गेज हवं. पिच गेज दोन घ्या, एक ६० अंशांचं मेट्रिक आणि एक ५५ अंशांचं व्हिटवर्थ. गेज नसेल तर दहा आट्यांचं अंतर मोजा: दीडच्या पिचला १५ मि.मी. येतील, अर्धा इंची बीएसपीला १८ च्या किंचित वर. निपलवर दहा आटे नसतील तर पाच मोजा. आणखी एक सोपी रीत म्हणजे ओळखीचा बोल्ट आणि अनोळखी फिटिंग यांचे आटे एकमेकांत अडकवून उजेडाकडे धरायचे. एकाच जातीचे असतील तर मधून उजेड दिसत नाही. तोंडाच्या आतले आटे मोजायला मऊ लाकडाची काडी आत दाबून उभी ओढा, काडीवर शेंड्यांच्या खुणा उमटतात, त्या मोजा. निमुळतेपणा तपासायला व्हर्निअर टोकाशी आणि बुडाशी लावा, फरक आला तर निमुळता.

इथेच तुमच्या मीटरचं सांगून टाकतो. अमेरिकी मीटरच्या मागे बहुधा पाव किंवा आठवा भाग इंची एनपीटी, म्हणजे अमेरिकी पाइपाचा निमुळता आटा, असतो. पाव इंची एनपीटीला इंचाला १८ आटे, बीएसपीला १९. आठवा भाग इंचीला २७ आणि २८. एकाचा फरक, म्हणून सुरुवातीला जातो आणि फसवतो. अर्धा आणि पाऊण इंचीत तर दोन्हींना १४-१४ आटे, तिथे पूर्ण बसल्यासारखं वाटतं. पण एनपीटीचा कोन ६० अंश, बीएसपीचा ५५, आणि व्यासही वेगळा, त्यामुळे शेंडी-बुंध्यात गोल फिरणारी वाट उरते आणि हवा त्या वाटेनं आरामात बाहेर येते. मीटरसाठी एनपीटी ते मेट्रिक असा तयार अडॅप्टर घ्या, हवेच्या साहित्याच्या दुकानात मिळतो. मीटर थंड बाजूला असल्यामुळे तिथे निमुळत्या आट्यावर द्रव सीलंट चालेल, पण पहिले दोन आटे कोरडे सोडा. आणि एक धोक्याची जोडी लक्षात ठेवा: एम १० × १ आणि आठवा भाग इंची बीएसपी. १० आणि ९.७३, पिच १ आणि ०.९०७. गव्हर्नरच्या (टाकी भरली की कॉम्प्रेसरचं हवा भरणं थांबवणाऱ्या व्हॉल्व्हच्या) बारीक लाइनवर ही अदलाबदल सर्रास होते, चार फेरे बिनतक्रार जाते आणि मग गव्हर्नरचं तोंड खलास.

टेपबद्दल माझं मत कडक आहे. ब्रेकच्या हवेत टेप कुठेच नको. त्याचा एक तुकडा सुटून रिले व्हॉल्व्ह किंवा क्विक रिलीज, म्हणजे चाकाच्या ब्रेकची हवा देणाऱ्या-सोडणाऱ्या व्हॉल्व्हच्या, सीटवर बसला, तर चाक सुटत नाही किंवा ब्रेक लागत नाही, आणि शोधायला दोन दिवस जातात.

सरळ आटे हवा अडवत नाहीत, हे एकदा पटलं की बाकीचं सोपं जातं. आटे फक्त ओढून धरतात, हवा अडवतो तोंडाशी दाबलेला वॉशर. डिलिव्हरीच्या तोंडाशी तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा वॉशर लावा. रबराच्या कडेचा साधा डावटी वॉशर तिथल्या उष्णतेला टिकत नाही, तो पुढे थंड बाजूला वापरा. तांब्याचा वॉशर जुना असेल तर लालभडक तापवून पाण्यात टाका, मऊ होतो, मग वरची काळी खपली पॉलिश पेपरनं काढा. कॉम्प्रेसरच्या तोंडाची सपाट जागा बोटानं चाचपून पाहा. पान्याची खरचट आडवी गेली असेल तर कुठलाही वॉशर गळणारच.

अजून एक फसगत. १५ मि.मी. पाइपाच्या फेरूल (पाइपावर आवळून बसणारी कडी) फिटिंगच्या ज्या टोकावर नट चढतो, त्याचे आटेही एम २२ × १.५ च असतात. ते तुमच्या तोंडात सुरेख जातात, शेवटपर्यंत, बोटांनी. पण त्या फिटिंगचं टोक आत शंकूसारखं खोलगट असतं, फेरूलसाठी, आणि तुमचं तोंड सपाट वॉशरचं. तिथे वॉशरला बसायला कॉलरच मिळत नाही. आट्यांसोबत सीटही जुळली पाहिजे. सपाट तोंडासाठी कॉलरवाली, मागे षटकोन असलेली फिटिंग घ्या.

तुमच्या बाबतीत मी काय करीन? अर्धा इंची निपल पाइपासकट बाद करीन. तो पाइप एकदा कुणीतरी कापून जोडलेला आहे, त्याच्या आतल्या काजळीचाही भरवसा नाही. १५ मि.मी.चा पोलादी पाइप नवा वाकवून घ्या. एका टोकाला एम २२ × १.५ ची कॉलरवाली फिटिंग तांब्याच्या वॉशरसकट कॉम्प्रेसरवर, तिच्या दुसऱ्या बाजूला फेरूल आणि नट. पाइप आखूड करू नका. त्या लांबीत हवा थंड होते, ती थंड झाली नाही तर पुढचा नायलॉन पाइप आणि ड्रायर दोन्ही मरतात. कॉम्प्रेसरला नायलॉन पाइप थेट जोडायचा विचारही मनात आणू नका.

पाइप बदलणं शक्यच नसेल, तर लेथवाल्याकडून एकच अडॅप्टर बनवून घ्या: एका बाजूला बाहेरचे आटे एम २२ × १.५, मध्ये कॉलर आणि षटकोन, दुसऱ्या बाजूला आतले आटे अर्धा इंची बीएसपी. माल पोलादी षटकोनी सळईचा. आतलं भोक १२ मि.मी.पेक्षा लहान नको. हे महत्त्वाचं आहे, कारण तयार मिळणाऱ्या कितीतरी अडॅप्टरांचं भोक ८ मि.मी. असतं. तोंड आवळलं की हवा आणखी तापते, तेल जळतं, काजळी साठते आणि कॉम्प्रेसर वर्षभरात परत तुमच्या दारात. टर्नरला एक प्रश्न जरूर विचारा: लेथ इंची स्क्रूची आहे का, आणि असेल तर १२७ दातांचं गिअर आहे का? एक इंच म्हणजे २५.४ मि.मी., पाचपट केले की १२७, आणि त्या गिअरशिवाय इंची लेथवर मेट्रिक पिच नेमकी निघत नाही. जाणकार टर्नर हा प्रश्न ऐकून तुमच्याकडे जरा वेगळ्या नजरेनं बघतो आणि काम मन लावून करतो. अडॅप्टर हातात आला की आधी कॉम्प्रेसरच्या तोंडात बोटांनी शेवटपर्यंत फिरवून बघा, मगच पैसे द्या.

दोन-तीन अडॅप्टरांची माळ कॉम्प्रेसरच्या तोंडाशी कधी लटकवू नका. बुशवर एल्बो, एल्बोवर युनियन, असं लांबत गेलं की ते हेडला पान्यासारखं पिळत राहतं. आट्यांची जात बदलायची असेल तर एकाच ठिकाणी बदला, आणि शक्य असेल तर ती जागा पाइपाच्या थंड टोकाला, चासीवर क्लॅम्प मारलेली असू द्या. तिथून पुढे नायलॉन पाइप असेल तर त्याचंही माप बघा. अमेरिकी तीन अष्टमांश इंची नळी ९.५२ मि.मी.ची, ती १० च्या पुश फिटिंगमध्ये शिरते, ओढून पाहिलं तर धरतेही, आणि थंडीच्या पहाटे सुटते. पाच षोडशांश इंची म्हणजे ७.९४, ती ८ मध्ये चालून जाते. बाकी मापांना हात लावू नका.

तोंडाचे आटे आधीच दुखावले असतील, आणि अडीच फेरे पान्यानं आवळल्यावर पहिले दोन आटे दुखावलेले असणारच, तर हेड उतरवा. गाडीवर ठेवून काम करू नका. एम २२ × १.५ चा टॅप ग्रीस लावून हातानं फिरवा, फक्त चढलेला धातू साफ करायला. निम्म्याहून जास्त आटे शाबूत निघाले तर पुढे जा. नाहीतर तार-इन्सर्ट (नव्या आट्यांसाठी बसवायची तारेची स्प्रिंग) किंवा पोलादी बुश बसवून आत परत एम २२ काढून घ्या. तेवढी भिंत जाड नसेल तर हेड बदला. हे महाग पडतं हे मला माहीत आहे, टिपरचा दिवस बुडाला की काय होतं तेही माहीत आहे. पण या जागी मी स्वस्त पर्याय सुचवणार नाही.

बसवल्यावर चाचणी दोनदा. आधी थंड: गव्हर्नर सुटेपर्यंत हवा भरा, साधारण ८ बार, मग भांड्याच्या साबणाचा फेस ब्रशनं प्रत्येक जोडाला लावा. डिलिव्हरीचा जोड मात्र इंजिन चालू आणि हवा भरत असतानाच तपासा, कारण कॉम्प्रेसर थांबला किंवा गव्हर्नर सुटला की त्या पाइपात दाब राहत नाही. मग गाडी तासभर चालवून आणा, रिकामी, सपाट रस्त्यावर, आणि गरम असताना तेच परत करा. हात जपून, तो पाइप कातडी सोलतो. गार झाल्यावर पाना लावून नट एकदा पडताळा, नवा तांब्याचा वॉशर पहिल्या तापण्यात थोडा बसतो. शेवटी इंजिन बंद, चाकांना लाकडं, ब्रेक पूर्ण दाबून धरा आणि काट्याकडे बघा. अमेरिकेत ट्रेलर नसलेल्या एकट्या ट्रकला अशा वेळी मिनिटाला ३ पीएसआयपर्यंत (साधारण ०.२ बार) उतार चालतो. मी माझ्या शेडमधून एवढाही उतार असलेली गाडी सोडत नाही, पण तुम्हाला तुलनेला आकडा असावा म्हणून सांगितला.

अडॅप्टरच्या षटकोनावर पंचनं एका बाजूला ‘एम २२’ आणि दुसऱ्या बाजूला ‘१/२ बीएसपी’ ठोकून घ्या, वर पिवळ्या रंगाचा पट्टा मारा. पुढच्या वेळी ही गाडी कोल्हापुरात अडेल किंवा हुबळीत, तिथल्या मिस्त्रीला टेपचं बंडल शोधावं लागणार नाही.